बंदुकीवरील दुर्बीण

रानडुकरांनीं मका उद्ध्वस्त केला कीं कित्येक बागाइतदार बंदुकीस मोठी दुर्बीण लावण्याचा विचार करूं लागतात. आमचें मत असें कीं, दुर्बीण घ्यावी ती मोठा आंकडा पाहून नव्हे, उजेड पाहून. पुढील भिंगाचा व्यास वाढीच्या पटीनें भागिला असतां डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाची रुंदी निघते. ४० मिलिमीटरच्या भिंगास ४ पट वाढ असेल तर ती १० मिलिमीटर. १० पट असेल तर अवघी ४. अंधारांत तरुण डोळ्याची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर विस्तारते. म्हणून तिन्हीसांजेस मोठ्या पटीनें अंधुक दिसतें. शिवाय दृष्टीचा टापू आकुंचित होऊन शेजारच्या माळ्यावरील राखणदार नजरेंत येत नाहीं. दुर्बीण जनावर जवळ दाखविते, बंदुकीचा पल्ला वाढवीत नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पिकाच्या राखणीकरितां ठासणीची बंदूक सांगितली आहे; तिचा भरंवसा थोड्या अंतरापुरताच. तेव्हां १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें लेखी परवानगी, कमी पटीची दुर्बीण, आणि नेमाच्या पाठीमागें मातीचा बांध, एवढ्यावर शेतकऱ्यानें संतोष मानावा. गेलेलें पीक पुढील हंगामीं येईल. शेजाऱ्याचा जीव येणार नाहीं.