उधारीचे ओझे कोणाच्या माथी?

लघुउद्योजकाला रोखीचा प्रवाह समजत नाही म्हणून तो बुडतो, असा उपदेश बँका आणि व्यवस्थापनतज्ज्ञ सर्रास करीत असतात. उल्हासनगरात जीन्स शिवून देणारा किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनविणारा कारखानदार हा हिशेब पगाराच्या दिवशी पुरता शिकलेला असतो. महिन्याला 10 लाखांचा माल द्यायचा आणि पैसे 90 दिवसांनी घ्यायचे, म्हणजे धंदा चालू असेतो 30 लाख रुपये अडकलेले. वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट! कापड, वीज, पगार थांबत नाहीत; मालावरचा वस्तू व सेवा करही बिल फाडताच देय होतो, वसुली होवो वा न होवो.

ही अडकलेली रक्कम म्हणजे बड्या खरेदीदाराला मिळालेले बिनव्याजी कर्ज होय. त्याचे व्याज छोटा कारखानदार भरतो. अखेरची वसुली कामगाराच्या लांबलेल्या पगारातून होते.

2006 च्या कायद्याने 45 दिवसांची कमाल मर्यादा आणि विलंबास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरविले. 2023 च्या वित्त कायद्याने मुदतीबाहेरच्या थकबाकीवरील करवजावट पैसे चुकते होईपर्यंत रोखली. पण व्याजासाठी तक्रार पुरवठादारानेच करायची. तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली! नोंदणी नसलेल्याला तर या कायद्याखाली दाद मागणेही अवघड.

म्हणून ही वसुली शासनाने स्वतः करावी. कारखानदारांनीही ध्यानात ठेवावे: आपले पैसे थकले म्हणून कामगाराचे थकविण्याचा अधिकार मिळत नाही. लढा दोघांचा आहे. पहिला हक्क मात्र कामगाराचा.