औषधाचा इशारा कोणासाठी?

मधुमेहाच्या औषधाने कर्करोग होतो काय? २०१३ साली हा प्रश्न आपल्या देशात दीड महिना गाजला आणि मग विसरला गेला. १८ जून २०१३ रोजी केंद्र सरकारने पायोग्लिटाझोन या गोळीचे उत्पादन व विक्री थांबवली. तिच्यामुळे मूत्राशयाचा कर्करोग होण्याची शंका होती. फ्रान्सने २०११ मध्येच ती रोखली होती. आपल्याकडे डॉक्टरांनी व कंपन्यांनी विरोध केला. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने शिफारस केली आणि ३१ जुलैला गोळी पुन्हा बाजारात आली. अट एवढीच की, चौकटीत ठळक इशारा छापावा.

शास्त्रज्ञांतही एकमत नाही. २०१५ च्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात धोका ठामपणे वाढलेला दिसला नाही. २०१६ च्या ब्रिटनमधील अभ्यासात दिसला : दरवर्षी लाख रुग्णांमागे सुमारे ८९ ऐवजी १२१ जणांना हा कर्करोग. म्हणजे धोका धरला तरी तो थोडा आहे. उलट मधुमेह मोकाट सुटला तर डोळे, मूत्रपिंड, पाय जातात. शिवाय ही गोळी स्वस्त आहे. तेव्हा सरसकट बंदी हा गरिबाच्या हिताचा मार्ग नव्हताच.

पण मग सारी भिस्त इशाऱ्यावर राहिली. हा इशारा काय सांगतो? मूत्राशयाचा कर्करोग असलेल्याला वा होऊन गेलेल्याला, तसेच लघवीतून रक्त जाते पण कारण तपासलेले नाही अशाला ही गोळी देऊ नये. रुग्णाचे वय, धूम्रपान, कामावर घातक रसायनांशी येणारा संबंध हेही पाहावे. म्हणजे बिडी ओढणाऱ्या मजुराला आणि रंगाच्या कारखान्यातील कामगाराला हा इशारा सर्वांत आधी कळला पाहिजे. आणि नेमका त्यालाच तो कळत नाही! माहितीपत्रक इंग्रजीत. दुकानदार पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवतो, पत्रक दुकानातच राहते. सरकारी दवाखान्यातील रांगेत डॉक्टरला बोलायला वेळ नाही.

अमेरिकेत हजारो रुग्ण न्यायालयात गेले. २०१५ मध्ये टाकेडा या जपानी कंपनीने दोष मान्य न करता सुमारे २४० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपण काय गिळतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो दाद कशी मागणार?

२०२३ च्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत. हा आजार आता केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. स्वतः बाबासाहेब अखेरपर्यंत मधुमेहाशी झुंजले. संविधानाच्या ४७ व्या कलमाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले. ज्ञान कोंडून ठेवणे हे या व्यवस्थेचे जुने हत्यार आहे. काल ते संस्कृतात कोंडले होते, आज इंग्रजीत आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : असा प्रत्येक इशारा मराठीत आणि कापलेल्या पट्टीबरोबरही मिळालाच पाहिजे. समाजातील डॉक्टरांनी, औषध विक्रेत्यांनी विहारात येऊन तो समजावून सांगावा. वाचकांनी मात्र घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नये. पट्टीवरचे नाव वाचावे, डॉक्टरला विचारावे, लघवी लाल दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विचारणे हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.