दाढीचा ब्रश : केसांचा की कृत्रिम तंतूंचा?

आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीसारख्या सीमेवरच्या गावी मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे शेजारी नांदतात. तेथील न्हाव्याच्या पेटीत ब्रश कशाचा असावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. स्वस्त ब्रश बहुधा डुकराच्या राठ केसांचे. पुष्कळ मुसलमान बांधवांस ते वर्ज्य. महाग ब्रश बॅजर नामक प्राण्याच्या मऊ केसांचे. ते पाणी चांगले धरतात. घोड्याच्या केसांचेही ब्रश होतात. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत असल्या दूषित केसांतून अँथ्रॅक्स, म्हणजे गुरांची काळपुळी, पसरून माणसे दगावली.

१९३५ साली नायलॉन निघाले. त्याचे आरंभीचे ब्रश टोचत आणि पाणी धरीत नसत. ती अपकीर्ती अद्याप पुरती पुसलेली नाही. आताचे तंतू मात्र टोकाशी निमुळते असतात. ते आधी भिजत घालावे लागत नाहीत, थोड्या साबणात पुष्कळ फेस देतात आणि पावसाळ्यातही लवकर सुकतात.

राठ दाढीस ताठ झुपका मानवतो, नाजूक कातडीस मऊ. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांना डुकराच्या केसांवाचून दाढी केल्यासारखेच वाटत नाही. त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. आमचा कौल कृत्रिम झुपक्यास. मात्र न्हाव्याचा ब्रश न धुता एका गालावरून दुसऱ्यावर फिरत असेल, तर तो कशाचा हे विचारणे व्यर्थ! वाचकहो, आपला ब्रश घरून न्यावा. परतल्यावर धुऊन, झटकून, झुपका खाली करून टांगावा.