वाफेवरच्या माशाची शिफारस

मासा वाफेवर शिजवून खावा असे म्हटले की आपल्याकडच्या मत्स्याहारी घरांतून पहिली पृच्छा होते ती घरात कोणी आजारी आहे काय, अशी. तळलेली तुकडी आणि तिखट कालवण यांनाच जेवणाचा मान, वाफ मात्र पथ्याची किंवा नैवेद्याची, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की ज्या कोकणाने उकडीचे मोदक आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या यांत वाफेची कला पराकोटीला नेली, त्याच कोकणाने ती माशाच्या वाट्याला क्वचितच येऊ दिली. अळूवडीचे उंडेसुद्धा आपण उकडतो खरे, परंतु पुढे तेलात सोडल्यावाचून आपले समाधान होत नाही.

याउलट दाखला आपल्या शेजारीच आहे. मुंबईच्या पारशी समाजाने पत्रानी मच्छीला रुग्णशय्येजवळ न बसवता थेट लग्नाच्या पंगतीत मान दिला. पापलेटच्या तुकड्यांना मीठ आणि लिंबू लावून ठेवायचे. ओले खोबरे, कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, लसूण, जिरे आणि चिमूटभर साखर यांची घट्ट चटणी दोन्ही अंगांनी माखायची. केळीचे पान विस्तवावर फिरवून लवचीक करून त्यात प्रत्येक तुकडी गुंडाळायची आणि पुड्या वाफेवर ठेवायच्या. साहित्यात असे काहीही नाही की ज्याची निराळी तजवीज करावी लागेल, आणि गणेशचतुर्थीनंतर वर्षभर माळ्यावर पडून राहणारे मोदकपात्र या कामी पुरेसे आहे.

पथ्ये थोडी, पण कसोशीने पाळण्याची आहेत. पाणी खळखळून उकळल्यावरच पात्र भरावे, कारण वाफेचे पाणी होताना जी सुप्त उष्णता बाहेर पडते तीच अन्न शिजवते, आणि मंद, अपुऱ्या वाफेत मासा शिजण्याऐवजी नुसता पाणचट होतो. झाकणाला आतून फडके बांधावे, म्हणजे थेंब अन्नावर गळत नाहीत. फरसबी, गाजर आणि लाल भोपळ्याच्या फोडी आधी खालच्या चाळणीत चढवाव्या आणि त्या अर्ध्या शिजल्या म्हणजे वर माशाच्या पुड्या ठेवाव्या. माशाच्या स्नायूंतील सांधणारे तंतू थोडे आणि कोमल असल्यामुळे पाऊण इंच जाडीच्या तुकडीला दहा-बारा मिनिटे पुरतात. कुकरची शिटी लावण्याचा मोह निग्रहाने टाळावा, कारण दाबाखाली तापमान शंभर अंशांच्या बरेच वर जाते आणि मासा विस्कटतो. पानात साठलेला रस सांडू न देता भातावर घ्यावा, आणि भाज्यांवर मिरपूड, लिंबू व खोबरेल तेलाचे चार थेंब यांपलीकडे काही घालू नये.

परंतु पचनाला हलके, तेलाची बचत, एवढ्यावरच या पाककृतीची भलामण करणे मला अपुरे वाटते. तिखट वाटणाच्या आणि तापल्या तेलाच्या अंमलाखाली शिळा मासाही खपून जातो. वाफेपुढे त्याची रुजवात होते आणि एका घासात सत्य कळते. ज्या घरात आठवड्यातून एकदा वाफेवरचा मासा होतो, त्या घराला कल्ल्याचा तांबडा रंग, डोळ्यांची चकाकी आणि बोटाने दाबताच उसळून वर येणारे मांस पाहिल्याशिवाय खरेदी करणे परवडत नाही, आणि अशी चिकित्सक गिऱ्हाइके वाढली तर बर्फात दिवसचे दिवस पडलेल्या मालाला बाजारात आजच्याइतका सहज उठाव मिळणार नाही. कालवणाशी माझे वैर नाही; कोकम आणि तिरफळ यांच्या संगतीत बांगडा जे रूप घेतो ते वाफ त्याला देऊ शकत नाही, हेही मी मोकळेपणाने मान्य करतो.

म्हणून माशाची निवड जपून करावी. बोंबील इतका पाणीदार असतो की त्याला वाफ सोसत नाही; रावस, तांबोशी आणि पापलेट यांना ती मानवते. त्यातही पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा ठरवले असताना तळहाताएवढी अल्पवयीन पिल्ले टोपल्यांतून विकली जातात, आणि अख्खे पान भरण्यास सोयीची म्हणून ती घेण्याकडे कल होतो, ही गोष्ट मला फार खटकते. अंडी घालण्याच्या वयाला न पोचलेला मासा घेण्यापेक्षा मोठ्या रावसाच्या दोन तुकड्या घ्याव्या. त्याच चटणीत, त्याच पानात त्या तितक्याच सुरस होतात.