सावलीचा हिशेब

साइन स्क्वेअर थीटा अधिक कॉस स्क्वेअर थीटा बरोबर एक. हे झोपेत म्हणून दाखवणारी पोरं ताडीवाला रोडपासून दांडेकर पुलापर्यंत कुठल्याही वस्तीत भेटतील. त्यांना विचारा, हा थीटा राहतो कुठं? तुझ्या घरात आहे का? पोरगं तोंडाकडं बघतं. वर्षभर त्याला थीटा भेटला तो फळ्यावर. परीक्षा संपली, फळा पुसला, थीटा मेला.

दोस्तहो, त्रिकोणमिती ही आपल्या पोरांना बाहेर ठेवणारी नवी वेस झालीय. म्हणून हे लिहितोय.

जुनी वेस आधी बघू. पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीन ते सकाळी नऊ पुण्याच्या वेशीआत मज्जाव होता, अशी नोंद इतिहासात आहे. का? सूर्य कलला की सावली लांबते, आणि लांब सावली ब्राह्मणाला बाटवते. आता हिशेब करा. पुणे साडेअठरा अक्षांशावर. २१ मार्चला भर दुपारी साडेपाच फुटी माणसाची सावली दोन फूटही नसते. सूर्याच्या वेळेनं तीन वाजले की सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांवर येतो. टॅन ४२ म्हणजे ०.९०. भागा साडेपाचला. सावली सहा फुटांवर गेली, माणसापेक्षा मोठी झाली. डिसेंबरअखेर त्याच वेळी सूर्य २९ अंशांवर, सावली जवळपास दहा फूट.

म्हणजे माणूस आत की बाहेर, हे टॅन थीटा ठरवत होता. त्यांनी आमची सावली मोजली. मोजायची विद्या मात्र स्वतःच्या वाड्यात ठेवली. हे गणित पुण्याच्या कुठल्या वर्गात सोडवून घेतात?

पुस्तकात काठी आहे, झाड आहे, सावली आहे. नाही कशाला म्हणू? सगळं छापील आहे. ऊन तेवढं नाही. दहावीच्या पुस्तकात दीपगृहावरून जहाज बघणारा माणूस आहे. जहाज बघणारा आहे, जहाज खाली करणारा नाही. आणि कोन बघा. तीस, पंचेचाळीस, साठ. जगात जणू तीनच कोन! पोरांना आधी तक्ता घोकायला लावतात, मग डावी बाजू बरोबर उजवी बाजू सिद्ध करा, आणि वेळ उरला तर उंची आणि अंतर. जेवणाआधी खरकटं वाढायची ही रीत.

मी पुण्याचा, मॅट्रिक. पोट मुंबईच्या गोदीत. तिथं दोन टनांचा माल दोन दोरांच्या स्लिंगनं उचलतात. नवखा म्हणतो, दोन टन, दोन दोर, प्रत्येकावर एक टन. नाही! दोर आडव्याशी ६० अंश करत असेल तर प्रत्येकावर १.१५ टन. ४५ अंशांवर १.४१. आणि ३० अंशांवर दोर आडवा पडला की एकेका दोरावर पूर्ण दोन टन. वजन तेच, क्रेन तीच. कोन बदलला. टोळीतले म्हातारे काका ओरडतात, “आडवा नको रं, लांब दोर घे!” काकांनी शाळा बघितली नाही, पण साइन ३० त्यांच्या खांद्यात आहे. साइन ३० बरोबर एक छेद दोन, हे मी वर्गात शंभरदा लिहिलं. त्या छेदातल्या दोनखाली माणूस चिरडतो, हे वर्गात कुणी सांगितलं नाही.

आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये चोवीस ज्यांचा तक्ता दिला म्हणून छाती फुगवणारे पुण्यात पुष्कळ. अरे, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी! मुळात ती दोरीच होती. दोरी ओढणाऱ्याच्या हातातून ती काढली कुणी?

आता दया आलीय. २०२४ साली याच पुण्यातल्या एससीईआरटीच्या आराखड्यात तरतूद आली: गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० मार्कांना पास, पण गुणपत्रिकेवर शेरा की पुढं गणित-विज्ञान घेता येणार नाही. त्याच आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीचा श्लोक होता, हे विसरू नका. शिकवणं सुधारायचं नाही, पोराच्या कपाळावर शेरा मारायचा. पॉलिटेक्निक बंद, इंजिनिअरिंग बंद. हा शेरा कुणाच्या पोरांवर बसणार? क्लासला पैसे भरणाऱ्यांच्या?

आपल्यातलेही काही म्हणतात, सुटू दे बिचारी पोरं, गणित काय चाटायचंय? मी म्हणतो, सूट नको. शिकवा!

१८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं सांगितलं होतं की मास्तर कष्टकऱ्यांतला हवा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारा. त्रिकोणमितीच्या मास्तरानं दोरी धरावी, एवढंच आमचं मागणं.

दिवाळीनंतर ऊन स्वच्छ असतं, तेव्हा वर्ग मैदानात काढा. कोनमापक, एक नळी, दोरा, दोऱ्याला दगड, झालं यंत्र. शाळेची भिंत मोजा, टाकी मोजा. प्रत्येक पोरानं ४० अंशांचा काटकोन त्रिकोण हव्या त्या मापाचा काढावा, समोरची बाजू लगतच्या बाजूनं भागावी. लहान-मोठे साठ त्रिकोण, उत्तर एकच: ०.८४ च्या आसपास. त्या दिवशी पोराला कळेल की टॅन म्हणजे मंत्र नाही, भागाकार आहे. तक्ता त्यानं स्वतः बनवावा. बाकीची सूत्रं मग येऊ देत. आणि परीक्षेत मोजण्याला मार्क द्या. मार्क नसलेलं काही शाळा शिकवत नाही.

बालभारती करेल, बोर्ड करेल म्हणून बसू नका. वस्तीतल्या विहारात, अभ्यासिकेत उद्यापासून सुरू करता येतं.

येत्या २१ मार्चला नववी-दहावीची पोरं घेऊन शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर या. सूर्याच्या वेळेनं तीन, म्हणजे घड्याळात पावणेचारच्या सुमारास. पोरांना उन्हात ताठ उभं करा आणि सावली पडेल तिथं पडू द्या.

टेप मी आणतो.

जय भीम!