मागच्या कडेच्या 56 जागा

झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या पाठीमागे उघडी फट असते. तिच्यातून मूळ बोर्डाचीच कड डोकावते: वर 28, खाली 28 संपर्कांच्या जागा. 1982 साली केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने झेड80 प्रोसेसरच्या पत्त्यांच्या 16 आणि डेटाच्या 8 वाहिन्या जवळपास जशाच्या तशा इथे आणून ठेवल्या. हौशी मंडळी आजही नवे बोर्ड बनवतात ते या मोकळेपणाच्या जोरावर.

एसडी कार्डाचा बोर्ड लावला की कॅसेटवरून पाच मिनिटे रेंगाळणारा खेळ काही सेकंदांत सुरू होतो. पण हात जपूनच चालवावा लागतो. 5 आणि 9 व्होल्टचे संपर्क अगदी शेजारी आहेत. यंत्र चालू असताना बोर्ड जरा तिरका झाला तरी चिप जळू शकते. म्हणून पाचव्या जागेवरची खाच नीट बसली की नाही, हे आधी पाहायचे आणि मगच वीज द्यायची.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 मध्ये परवान्याने स्पेक्ट्रम प्लस आणला. त्यातला एखादा अजून कुणाच्या माळ्यावर असेल, तर भंगारात देण्याआधी त्याची मागची कड खोडरबराने हलकेच पुसून पाहावी.