कट करून काय होतंय?

मित्रांनो (आणि रेक्टर सर, तुम्हीही हे पान वाचता म्हणून), होस्टेलात पत्त्यांचा कॅट सापडला की जप्त होतो. तीन पत्ती पैशांवर चालते, तेव्हा नियम बरोबरच आहे. पण जप्तीने जे साधत नाही ते जादूचा एक खेळ शिकवून साधेल असं माझं स्पष्ट मत आहे. तो खेळ म्हणजे लावलेला कॅट.

यात हातचलाखी जवळजवळ नाहीच. सी स्टेबिन्स या अमेरिकन जादूगाराच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी बघा. किलवर, बदाम, इस्पिक, चौकट असा रंगांचा क्रम आणि प्रत्येक पुढचं पान तीनने मोठं. किलवर एक्का, बदाम चौकी, इस्पिक सत्ती, चौकट दश्शी, किलवर राजा, मग बदाम तिर्री. तेराच्या वर गेलं की तेरा वजा करायचे, बस्स. मित्राने मधलं पान ओढलं की तिथूनच कट करा आणि तळाचं पान हळूच बघा. बदाम नव्वी दिसली? मग त्याच्या हातात इस्पिक राणी आहे.

कट कितीही वेळा करा, क्रम मोडत नाही, फक्त सुरुवात बदलते. घड्याळ बारापासून वाचा की पाचपासून, तसंच. आणि आपले ज्युनियर मेसचे पैसे घालवून वर सांगतात, "पण कट तर मीच केला होता!" अरे बाबा, कट करून काय होतंय? कॅट नीट मिसळायला साधारण सात वेळा रिफल करून पिसावं लागतं, असं बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये गणिताने दाखवलं. (हा डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर फिरला होता. आपल्याकडे असं पोरगं वाया गेलं म्हणतात!) आपण हातातल्या हातात पिसतो ती पद्धत तर याहून फारच ढिली.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर शाळेतलं 'यमाताराजभानसलगा' आठवा. सलग कुठलीही तीन अक्षरं घ्या, एक गण मिळतो. आठही गण येतात, प्रत्येक एकदाच. शेवटचं 'लगा' हे 'यमा'सारखंच लघु-गुरू, म्हणून गोल फिरवलं की आठच अक्षरं पुरतात. कॉम्प्युटरवाले याला डी ब्रॉइन क्रम म्हणतात. लघुला लाल, गुरूला काळं अशी आठ पानं लावून पाठ करा. हवं तितकं कट करू द्या, तिघांना वरून ओळीने एकेक पान द्या आणि फक्त रंग विचारा. तिघांचीही पानं सांगता येतात. लाल-काळं-काळं आलं तर यगण. असे चार यगण म्हणजे भुजंगप्रयात, मनाच्या श्लोकांचं वृत्त, आणि ते रचणारे समर्थ आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचे.

यंदाच्या गॅदरिंगला हा खेळ रहस्यासकट करून दाखवावा, पहिल्या रांगेत फर्स्ट इयरवाले बसवून. पानं आठच लागतील. तेवढी जप्तीच्या कपाटातून मिळाली तर बरं होईल, सर.